बिलावरची जमा आणि घरची वही



विजेच्या बिलावर भरायच्या रकमेआधी उणे चिन्ह आलं की घरात सगळ्यांना बरं वाटतं. 'या महिन्यात काही भरायचं नाही' असं म्हणून बिल फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली जातं, नाहीतर मोबाइलमधला मेसेज पुसला जातो. माझं मत वेगळं आहे. उणे बिल हे भरायच्या बिलापेक्षा जास्त काळजीने वाचावं, कारण त्यात आपले पैसे दुसऱ्याकडे असतात. कधी कधी तर दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे आलेले असतात.

शहागंज, गुलमंडी, औरंगपुरा या जुन्या वस्तीतल्या व्यापारी घरांत येणं आणि देणं हे शब्द लहानपणापासून कानावर पडतात. ग्राहकाकडे किती राहिलं, आपलं कुणाकडे किती अडकलं, याचा हिशेब दुकानात रोज होतो. तोच माणूस घरी आला की विजेच्या खात्यात आपले चार हजार पडून आहेत हे त्याला ठाऊक नसतं. कॉमर्सच्या पहिल्या वर्षी शिकवतात की कंपनीच्या वहीत जी रक्कम आपल्या नावे 'जमा' दिसते, ती आपल्या वहीत 'येणे' असते. येणे म्हणजे अजून हातात न आलेला पैसा. त्याला बचत म्हणू नये.

आता बहुतेक घरांत बिल बँकेतून परस्पर कापून जातं. पूर्वी ईसीएस होतं, आता नाच आहे, कुणी यूपीआयवर ऑटो-पे लावतं. मी या सोयीच्या विरोधात नाही. रांग नाही, तारीख चुकत नाही, साठी ओलांडलेल्या गुडघ्यांना जिने नाहीत. बिल वेळेत न भरल्यास लागणारा १.२५ टक्के विलंब आकार वाचतो, आणि बिल निघाल्यापासून ७ दिवसांत पैसे पोचले तर कर सोडून उरलेल्या बिलावर १ टक्का सूटही मिळते. फक्त बँकेतून रक्कम नेमकी कधी कापली जाते ते एकदा पाहून घ्या. बिलावर सुटीची तारीख आणि शेवटची तारीख अशा दोन्ही छापलेल्या असतात.

आपल्याकडे परस्पर कापली जाणारी रक्कम ही त्या महिन्याच्या बिलाएवढीच असते. इंग्लंडमध्ये तसं नाही. तिथे बरीच घरं गॅस आणि विजेसाठी दरमहा ठरावीक हप्ता देतात. उन्हाळ्यात वापर कमी, म्हणून खात्यात रक्कम साचते. हिवाळ्यात घर तापवावं लागतं तेव्हा ती वापरली जाते. कल्पना चांगली आहे. पण २०२१ मध्ये घाऊक गॅसचे भाव भडकले आणि तिथल्या एकामागून एक वीज-गॅस कंपन्या बुडाल्या. बल्ब नावाची मोठी कंपनी नोव्हेंबर २०२१ मध्ये गेली, तिचे पंधरा लाखांहून जास्त ग्राहक होते. ऑफजेम या तिथल्या नियामकाने ग्राहकांची जमा सुरक्षित ठेवली, कुणाचे पैसे बुडाले नाहीत. मात्र बुडालेल्या कंपन्यांचा भार शेवटी सगळ्याच ग्राहकांच्या बिलांवर वाटला गेला. काही कंपन्या ग्राहकांच्या साचलेल्या रकमेवर धंदा चालवत होत्या, हेही त्या वेळी उघड झालं. ज्यांच्या लेकी-सुना तिकडे आहेत त्यांनी त्यांना इतकं जरूर सांगावं: हिवाळा संपल्यावर खात्यात जास्त रक्कम उरली असेल तर ती परत मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे, आणि मागायला लाज वाटू देऊ नये.

मग आपल्या बिलावर जमा येते कुठून? मला पाच वाटा दिसतात.

सगळ्यात वापरातली वाट म्हणजे दुहेरी भरणा. बँकेला सूचना दिलेलीच असते, तरी मुलगा पुण्याहून मोबाइलवर बिल पाहतो आणि आई-बाबांची काळजी म्हणून भरून टाकतो. चार दिवसांनी बँकेतूनही रक्कम जाते. दोघांनीही आपलं कर्तव्य केलं, आणि एका महिन्याचं बिल वर जमा झालं. असं वर्षात तीनदा झालं तरी कुणाच्या लक्षात येत नाही, कारण दोघेही 'भरलं' एवढंच बघतात.

दुसरी वाट सरासरी बिलाची. आपण शिखरजीला किंवा श्रवणबेळगोळला गेलो, घराला कुलूप, मीटर आत. रीडिंग घेता आलं नाही की मागच्या वापरावरून अंदाजे बिल येतं. पुढे खरं रीडिंग आलं की फरक कमी-जास्त होतो. २०२० च्या टाळेबंदीत हे साऱ्या महाराष्ट्राने अनुभवलं. मार्चअखेरपासून रीडिंग बंद, सरासरीने बिलं, आणि जूनमध्ये तीन महिन्यांचं एकत्र बिल आल्यावर गावोगावी ओरड झाली. तेव्हा महावितरणने तीन हप्ते दिले, एकरकमी भरणाऱ्यांना २ टक्के सूट दिली. त्या वेळी ज्या घरांत एप्रिल-मेच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, त्यांना आपण भरलेली रक्कम वजा झाली की नाही हे पाच मिनिटांत कळलं. बाकीच्यांना नुसती धाकधूक.

तिसरी वाट व्याजाची, आणि ती आपल्यापैकी फार थोड्या जणींना माहीत आहे. वीज जोडणी घेताना आपण सुरक्षा ठेव भरलेली असते. वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार, बिल दरमहा येत असेल तर ही ठेव सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट लागते. त्याआधी एका महिन्याएवढी पुरायची. म्हणून उन्हाळ्याच्या सुमारास वाढीव ठेवीचं वेगळं बिल येतं. ते वेगळं असतं, तेव्हा बँकेतून आपोआप गेलं असेल असं धरून चालू नका. एकदम जड वाटलं तर ते समान हप्त्यांत भरण्याचीही सोय नियमात आहे. या ठेवीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटइतकं व्याज देणं २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४७ नुसार बंधनकारक आहे. फेब्रुवारी २०२३ पासून दोन वर्षं हा दर ६.७५ टक्के होता. समजा बिल सरासरी १,८०० रुपये, तर ठेव ३,६०० आणि वर्षाचं व्याज २४३ रुपये. ते रोख मिळत नाही, बिलात वळतं होतं. रक्कम लहान आहे, पण आपली आहे, आणि वर्षातून एकदा बिलावर दिसायला हवी.

चौथी वाट म्हणजे आपण होऊन आगाऊ भरलेले पैसे. पाचवी वाट सगळ्यात नाजूक, तिच्याकडे नंतर वळते.

मैत्रिणी मला विचारतात, "जमा आहे तर बिघडलं काय? पुढच्या बिलात वळती होणारच ना?" हा मुद्दा खरा आहे. दोन महिने यात्रेला जायचं असेल किंवा आई-वडील एकटे राहत असतील, तर एक-दोन बिलांएवढी रक्कम आगाऊ भरून ठेवणं शहाणपणाचं आहे. ग्राहकांच्या हक्कांविषयी केंद्राने २०२० मध्ये केलेल्या नियमांतही आगाऊ भरण्याची सोय आहे. माझं म्हणणं त्याच्या पुढच्या रकमेविषयी आहे. बँकेतली रक्कम रात्री दवाखान्यात जावं लागलं तर काढता येते, विजेच्या खात्यातली येत नाही. शिवाय ती माणसाच्या नावाने फिरत नाही, ग्राहक क्रमांकाला चिकटलेली असते. मुलगी पुण्यात भाड्याच्या घरात राहते, दोन वेळा बिल जास्त भरलं गेलं, आणि अकरा महिन्यांनी घर सोडलं, की ती जमा घरमालकाच्या मीटरवर राहते. घर सोडताना डिपॉझिटचा हिशेब सगळे करतात, शेवटच्या बिलावरचं उणे कुणी बघत नाही.

आमच्या नात्यातल्या एका वहिनींचं उदाहरण सांगते. घराला एक मीटर, खाली दुकानाला दुसरं. दोन्ही बिलं भाऊजींच्या खात्यातून परस्पर जायची. भाऊजी गेले. सुतक संपल्यावर मुलाने बँकेत कळवलं, खातं गोठलं, आणि रीतसर सगळ्या सूचना थांबल्या. घरात कुणाच्या ध्यानीमनी नाही. दोन महिन्यांनी घराच्या बिलापोटी वीज तोडण्याची पंधरा दिवसांची नोटीस आली. वहिनींनी नोटीस हातात घेतली आणि पहिल्यांदा स्वतः सगळे कागद काढून बसल्या. तेव्हा दिसलं की दुकानाच्या मीटरवर सहा हजारांहून जास्त जमा पडून आहे. दुकान बंद, वापर नाही, आणि मागे कधीतरी दुहेरी भरणा झालेला. एका क्रमांकावर येणं, दुसऱ्यावर देणं, आणि दोन्ही आपापल्या जागी. कायद्याप्रमाणे ती नोटीस बरोबरच होती. एका क्रमांकाची जमा दुसऱ्याच्या थकबाकीत आपोआप जात नाही. पण ज्या बाईने चाळीस वर्षं वाणसामानाचा पैन् पै हिशेब ठेवला, तिला दुःखाच्या दिवसांत असा कागद बघावा लागला. तिला तोवर कुणी ग्राहक क्रमांकही सांगितला नव्हता.

म्हणून माझं ठाम मत आहे की बिल कुणाच्याही खात्यातून जावो, ते वाचणारी घरची बाई असावी. बँकेला दिलेल्या सूचना किती, कोणत्या खात्यातून, कमाल किती रकमेच्या, आणि त्या कुणाच्या सहीने बंद होतात, हे एका पानावर लिहिलेलं असावं. तीच गोष्ट नावाची. आपल्या जुन्या वाड्यांत मीटर अजून सासऱ्यांच्या, काही ठिकाणी आजेसासऱ्यांच्या नावावर आहे. सुरक्षा ठेवही त्यांच्याच नावाने आहे. २०११ ते २०१४ या काळात शहराचं वीज वितरण जीटीएल या फ्रँचायझीकडे होतं, मग परत महावितरणकडे आलं, त्या उलथापालथीतले कागद आता कुणाला सापडायचे? नाव बदलून घ्या आणि बिलावर 'सुरक्षा ठेव जमा' या शब्दांसमोर आकडा दिसतो का ते बघा. जोडणी कायमची बंद करताना येणी-देणी वजा होऊन तो आकडा परत मिळतो. तिथे शून्य असेल तर आजच विचारा, वाडा बिल्डरला द्यायच्या दिवशी नको.

आता पाचवी वाट. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो. एक आकडा चुकला की भलत्याच्याच बिलात पैसे जाऊ शकतात. कधी आपल्या बिलावर आपण न भरलेली रक्कम जमा दिसते. अशा वेळी घरात कुणीतरी हसून म्हणतं, "कुणीतरी पुण्य केलं." मैत्रिणींनो, आपण अचौर्य अणुव्रत म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ तिजोरी फोडू नये एवढाच नसतो. न दिलेली वस्तू घेणं म्हणजे अदत्तादान. पडलेली, विसरलेली, चुकून आलेली वस्तूही त्यात येते. ज्याने ते पैसे भरले त्याच्या घरी थकबाकी उभी असेल, कदाचित नोटीसही गेली असेल. तेव्हा १९१२ वर फोन करून किंवा उपविभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन 'ही रक्कम आमची नाही' असं कळवणं हे श्रावकाचं काम आहे. सामायिकाला बसण्याआधी करण्यासारखं आहे.

जमा आपली असेल तरी धर्माचा प्रश्न संपत नाही. परिग्रह परिमाण व्रत घेताना आपण सोनं, घर, वस्त्रं यांची मर्यादा करतो. आपल्या मालकीचं काय काय आहे हेच ठाऊक नसेल तर मर्यादा कशाची करणार? नकळत साचलेला पैसा हाही परिग्रहच, वर त्याला प्रमादाची जोड. मला तर वाटतं, अशा जमेने दुसरा एक दोष येतो. "युनिट जमा आहेत, चालू दे एसी" हे वाक्य मी सौरऊर्जा बसवलेल्या घरांत ऐकते. विनाकारण झालेली हिंसा म्हणजे अनर्थदंड. रिकाम्या खोलीतला पंखा आणि रात्रभर जळणाऱ्या दिव्यापाशी मरणारे कीटक फुकटच्या विजेनेही तेवढेच मरतात.

सौरऊर्जेचा विषय निघालाच आहे तर थोडं सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून आपल्या समाजातही छतावर पॅनल दिसू लागली. २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. इथे रुपयांबरोबर युनिटांचीही जमा होते. दिवसा जास्त झालेली वीज ग्रीडमध्ये जाते आणि पुढच्या बिलांत वळती होते. पण ही वही आर्थिक वर्षापुरती. ३१ मार्चला जे युनिट उरतात ते ठरलेल्या दराने विकत घेतले जातात आणि १ एप्रिलला खातं पुन्हा शून्यापासून चालू होतं. तो दर आपण वीज विकत घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवून युनिट साठवत बसण्यात फायदा नाही. आणि स्थिर आकार तर भरावाच लागतो, त्यामुळे युनिट शून्य झाले तरी बिल शून्य होत नाही.

प्रीपेड मीटरची चर्चा झाली तेव्हा हाच प्रश्न उलट्या बाजूने आला होता. प्रीपेडमध्ये सगळेच पैसे आधी द्यायचे. म्हणूनच कायद्याने प्रीपेड ग्राहकाकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही असं जाहीर केलं. आपण अजून वीज आधी वापरतो आणि पैसे मग देतो, आणि त्याची हमी म्हणून दोन महिन्यांची ठेव आपली तिकडे आहेच. त्यावर आणखी चार महिन्यांची जमा कशाला?

मंडळांच्या आणि मंदिरांच्या खजिनदार भगिनींनाही एक विनंती. चातुर्मासात साधू-साध्वींचं वास्तव्य असतं, स्थानकाचं किंवा धर्मशाळेचं बिल भरण्याची बोली दोन-तीन जण घेतात, आणि एकाच महिन्याचं बिल तीनदा भरलं जातं. दात्याला पुण्य मिळालं, पण संस्थेच्या वहीत ती रक्कम कुठेच नाही. ताळेबंदात सुरक्षा ठेव आणि आगाऊ भरणा या दोन्ही ओळी मालमत्तेच्या बाजूला हव्यात. दानाचा पैसा ज्या कामासाठी दिला त्याच कामाला लागला, हे दात्याला दाखवता आलं पाहिजे.

माझ्या वहीत मी विजेला एक पान दिलं आहे. महिना, रीडिंग, युनिट, बिल, कापलेली तारीख, वर राहिलेली रक्कम. सहा रकाने, महिन्यातून एकदा, पाच मिनिटं. रीडिंगच्या जागी 'सरासरी' दिसलं की मीटरचा फोटो काढून ॲपवर पाठवते. जमा एका बिलाहून जास्त झाली की पुढचं बिल येईपर्यंत कुणी काही भरायचं नाही असं घरातल्या ग्रुपवर लिहिते. तक्रार असेल तर ती आधी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्या वर विद्युत लोकपाल आहेत. त्यासाठी वकील लागतोच असं नाही, कागद मात्र लागतात.

वर्षातून दोनदा हे पान नीट बघावं: मार्चअखेरीला, कारण ठेव, व्याज आणि सौर युनिट यांचा हिशेब त्याच सुमारास होतो, आणि दिवाळीत, जेव्हा वीर निर्वाण संवताचं नवं वर्ष लागतं आणि घरोघरी नवी वही उघडते. त्या वहीच्या पहिल्या पानावर दुकानाची येणी लिहितात, तिथेच खाली घरच्या वीज बिलावरची जमाही लिहा. लिहिताना सुनेला शेजारी बसवा.